एकुलती एक प्रत

आपल्या शाळेच्या या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे आणि स्वयंपाकघरातील मावशींच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण द्यावे, असा समितीचा निरोप मला गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. फोनवर बोलणारा माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी धाकटा. "जयभीम, दादा. शाळेचं सगळं जुनं तुमच्याकडं आहे, असं सगळ्यांकडून ऐकलं," तो म्हणाला. "आहे ना. सगळ्याचा बॅकअप घेऊन ठेवलाय मी," असे मी मोठ्या विश्वासाने सांगितले. हे वाक्य मी जाणूनबुजून खोटे बोललो नव्हतो. तरी ते खरे नव्हते, हे कळायला मला पुढचे तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांची ही हकिकत. तीत माझ्या हलगर्जीपणाची कबुली आहे आणि शेवटी आपणा सर्वांकडे एक मागणेही आहे.

मी १९८४ ते १९९० अशी सहा वर्षे आपल्या वसतिगृहात राहिलो. पाचवीला आलो तेव्हा माझी जन्मतारीखही शाळेनेच दिली. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांची असते तशी, १ जून. पुढे आयटीआय केले आणि अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात विद्युत देखभालीच्या कामाला लागलो. आज तेथेच पर्यवेक्षक आहे. बंद पडलेले यंत्र का बंद पडले, हे शोधणे हाच माझा तीस वर्षांचा व्यवसाय आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडले त्यात या तीस वर्षांची विद्या पहिल्या तासाभरात मी पार विसरून गेलो होतो.

आता त्या छायाचित्रांविषयी. आपल्या वसतिगृहाचे अधीक्षक सर निवृत्तीनंतर बदलापुरात नदीच्या बाजूला राहावयास आले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. शाळेच्या पहिल्या पंचवीस वर्षांची छायाचित्रे त्यांनी सहा अल्बममध्ये लावून ठेवली होती. कुडाच्या भिंतींचा पहिला वर्ग, विहीर खणणारे विद्यार्थी आणि शिक्षक, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी इस्त्री केलेले सदरे घालून ओळीने उभी असलेली मुले, असे सारे त्यांत होते. २६ जुलै २००५ रोजी जो पाऊस झाला, तो मुंबईकर सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटरच्या आकड्याने लक्षात ठेवतात. बदलापूरकर मात्र उल्हास नदी घरात शिरली म्हणून लक्षात ठेवतात. सरांच्या घरातील कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्याखाली गेले. अल्बम खालच्याच कप्प्यात होते.

पाणी ओसरल्यावर आम्ही चार-पाच माजी विद्यार्थी तेथे गेलो. छायाचित्रे एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. ओढून सोडवली तर वरचा थर सुटून येतो, म्हणून परातीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक छायाचित्र हलक्या हाताने वेगळे केले आणि दोरीवर चिमट्यांनी अडकवून पंख्याखाली वाळवले. दोन अल्बम गेलेच. उरलेल्यांचे पुढील काही महिन्यांत उसन्या स्कॅनरवर स्कॅनिंग केले. मूळ कागदांवर मात्र नंतर बुरशी चढत गेली, चेहरे पुसट होत गेले, आणि सर गेल्यानंतर त्यांतले फारसे काही हाती उरले नाही.

मावशींचे ध्वनिमुद्रण २०११ मधील. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेलो होतो आणि सोबत आवाज टिपणारे एक छोटे यंत्र नेले होते. एकशे तीस मुलांच्या भाकऱ्या दोन चुलींवर कशा होत, कोणत्या मुलाला आमटीतली कोथिंबीर चालत नसे, परीक्षेच्या दिवसांत मुले कशी उपाशी उठत, असे त्या बोलत राहिल्या. सत्तेचाळीस मिनिटे. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी मागे एक ओळही ठेवलेली नाही. शाळेच्या कोणत्याही अहवालात त्यांचे दोन ओळींपेक्षा अधिक वर्णन नाही. ते ध्वनिमुद्रण हाच त्यांचा एकमेव लेख होता. चार वर्षांनी त्या गेल्या.

हे सारे माझ्या घरच्या संगणकात होते. तो भरत आला, तेव्हा मी एक बाह्य हार्ड डिस्क विकत घेतली. खिशातल्या डायरीएवढी काळी पेटी, एक टेराबाइट क्षमतेची. तिच्यावर सर्व फोल्डर नेऊन ठेवले आणि मुख्य फोल्डरला नाव दिले, 'बॅकअप'. मग जागा मोकळी व्हावी म्हणून संगणकातील मूळ फायली पुसल्या. दोन वर्षांनी तो संगणकच मोडीत काढला. या क्षणापासून माझ्याकडे बॅकअप नव्हता. एकुलती एक प्रत होती आणि तिच्यावर 'बॅकअप' अशी पाटी लावलेली होती. पाटी वाचून मीच निर्धास्त राहिलो.

निरोप आला त्या रात्री मुलीच्या लॅपटॉपला ती डिस्क जोडली. निळा दिवा लागला, फोल्डर दिसले, फायली नव्या ठिकाणी उतरू लागल्या. पाच मिनिटांनी 'टुंग' असा आवाज होऊन डिस्क पडद्यावरून नाहीशी झाली. केबल काढून पुन्हा लावली, दिसली, पुन्हा गेली. मी ती पेटी हलवून पाहिली, कानाशी धरली, केबल दाबून धरली, पाच-सहा वेळा काढ-घाल केली. सातव्या वेळी पडद्यावर चौकट उमटली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? माझे बोट 'होय'च्या दिशेने गेले, ते मुलीने धरले. "पप्पा, थांबा. काहीच दाबू नका," ती म्हणाली.

त्या रात्री झोप लागली नाही. कारखान्यात एखादी मोटर ट्रिप झाली आणि नवशिक्या मुलाने कारण न पाहता पुन:पुन्हा हिरवे बटण दाबले, तर मी त्याला रागावतो. ट्रिप होणे ही यंत्राची तक्रार असते. ती ऐकायची सोडून दर वेळी चालू करत गेलो, तर ज्या वाइंडिंगला निव्वळ झळ लागलेली असते ती जळून जाते. नेमके तेच मी स्वतः सात वेळा केले होते. पहाटे उठून वहीच्या पानावर मी तोच क्रम लिहिला, जो कामाच्या ठिकाणी नव्या मुलांना शिकवतो: आधी वीजपुरवठा, मग तार, मग जोड, मग यंत्र, आणि सर्वांत शेवटी यंत्राच्या आतले.

हार्ड डिस्क आतून कशी असते, हे ठाऊक असले की हा क्रम का पाळायचा ते उमगते. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ च्या सप्टेंबरात जाहीर केली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, सुमारे टनभर वजन, आणि साठवण अवघी पन्नास लाख अक्षरांची. पुढच्याच महिन्यात नागपूरला काय घडले, ते आपल्या वाचकांना सांगावयास नको. १९५६ हे साल आपण निराळ्या कारणाने जाणतो. आज हातात मावणाऱ्या पेटीतही तत्त्व तेच आहे. चुंबकीय थर दिलेली चकचकीत तबकडी मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर, हवेच्या पातळ थरावर तरंगत राहते. आपला केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. तबकडी पुरेशा वेगाने फिरली नाही, तर टोक नीट तरंगू शकत नाही. ती फिरवायला, विशेषतः सुरुवातीला, पुरेशी वीज लागते; आणि लहान बाह्य डिस्कला वेगळा वीजपुरवठा नसतो. संगणकाच्या ज्या पोर्टला ती जोडतो, तेथूनच सारी वीज येते. जुन्या यूएसबी २.० पोर्टसाठी ठरलेली मर्यादा ५०० मिलिअँपिअर, नंतरच्या ३.० पोर्टसाठी ९०० मिलिअँपिअर. मध्ये लांब, बारीक केबल असेल, तर वाटेतच व्होल्टेज उतरते.

माझ्या डिस्कची मूळ केबल केव्हाच हरवली होती. बाजारातून आणलेली दीड मीटर लांबीची स्वस्त केबल मी वापरत होतो, तीही एका पोर्टचे चार पोर्ट करणाऱ्या डबीमधून. त्या डबीवर माउसही होता आणि मोबाइलही चार्ज होत होता. कारखान्यात असा जोड मी कुणालाही घालू दिला नसता. दुसऱ्या दिवशी आखूड, जाड केबल आणली, डबी काढली, डिस्क थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावली. दिवा स्थिर राहिला. दहा मिनिटे झाली, वीस झाली, डिस्क जागची हलली नाही. दोष सापडला म्हणून मी घरात सर्वांना चहा करायला लावला.

चहा संपण्यापूर्वीच आवाज सुरू झाला. टक्... टक्... टक्... भिंतीवरच्या घड्याळासारखा, पण कमी-अधिक अंतराने. तीनशेच्या आसपास छायाचित्रे उतरली होती. पुढचे एकही उतरेना. मुलीने डिस्कमधील स्वतःची नोंदवही उघडून दाखवली. हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीच्या नोंदी स्वतःच ठेवत असते. या व्यवस्थेला 'स्मार्ट' म्हणतात. त्यात तबकडीवरील जे तुकडे वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल लागायचा आहे, अशा प्रलंबित सेक्टरांची संख्या असते. ती शून्य असावी. आमच्याकडे ती १८४ होती.

म्हणजे दोष दोन होते, आणि पहिला दुसऱ्याला झाकून बसला होता. वीज अपुरी पडत होती, हे खरे; पण तबकडीचा काही भागही खराब झाला होता. देखभालीच्या कामात हे नेहमी घडते. ढिला टर्मिनल कसला, की आपण हत्यारे आवरायला घेतो. मोटरच्या आतील बेअरिंग मात्र गेलेलेच असते. मी स्वतःला विचारले, ही डिस्क खराब का झाली? उत्तरे सोपी होती. चालू असताना केबल उपटणे ही माझी रोजची सवय. एकदा डब्याच्या पिशवीतून बदलापूर-अंबरनाथ गर्दीच्या लोकलने तिचा प्रवास झाला होता. मधली वर्षे ती दमट कपाटात पडून होती आणि तीन वर्षांत मी ती एकदाही उघडून पाहिली नव्हती. प्रत्येक कारण लहान होते. एकत्र येऊन ती १८४ झाली होती.

आता सल्ल्यांचा पाऊस पडू लागला. कोणी म्हणाले, डिस्क तपासून दुरुस्त करणारी चेकडिस्कची आज्ञा चालव. कोणी म्हणाले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रिजरमध्ये ठेव, सकाळी चालते. मी उल्हासनगरच्या कॅम्पात एका दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे गेलो. मोबाइल आणि संगणकाचे सुटे भाग यांच्या ढिगाऱ्यात बसलेला तो प्रौढ माणूस डिस्क कानाशी धरून क्षणभर ऐकत राहिला आणि म्हणाला की, ही उघडण्याचे काम माझ्या दुकानाचे नाही. आत धुळीचा एक कण गेला, तरी त्या टोकासमोर तो डोंगर असतो. ज्या खोलीतली हवाच गाळलेली असते, अशाच ठिकाणी ती उघडावी. फ्रिजरचे तर नावही काढू नका, बाहेर काढताच तबकडीवर दव धरेल. आणि दुरुस्तीची आज्ञाही नको. ती आजारी डिस्कवरच लिहू लागते आणि आहे तेही विस्कटून टाकते. डिस्कला शेवटचे जे काही सांगायचे आहे, ते आधी ऐकून घ्या, दुरुस्ती नंतर. त्याने एक रुपयाही घेतला नाही. ते वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे.

ऐकून घेण्याची रीत मुलीला तिच्या महाविद्यालयातील मित्रमंडळींकडून कळली. दोन टेराबाइटची नवी डिस्क आणली. लॅपटॉप नेहमीच्या विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरील लिनक्सने सुरू केला, म्हणजे संगणक आपण होऊन जुन्या डिस्कवर काही लिहिणार नाही. मग 'डीडीरेस्क्यू' नावाचा मोफत मिळणारा प्रोग्राम चालवला. त्याची कामाची पद्धत मला फार आवडली. साधी कॉपी खराब जागी येऊन अडते आणि तेथेच डोके आपटत बसते. हा प्रोग्राम तसे करत नाही. जे सहज वाचता येते ते तो आधी उचलतो, अडलेल्या जागा ओलांडून पुढे जातो, आणि सारे चांगले पदरात पडल्यावर त्या अडलेल्या जागांकडे परत वळून त्यांचा थोडाथोडा भाग वाचून पाहतो. काय वाचले, काय राहिले, याची नोंद तो एका वेगळ्या फायलीत ठेवतो. त्यामुळे काम मध्येच थांबले, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आपल्या शाळेत कच्च्या मुलांना शिकवण्याची सरांची रीत अशीच होती. येणारी गणिते आधी सोडव, अडलेल्यापुढे खूण कर आणि मागाहून परत ये.

आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असते. गुरुवारी रात्री दहाला काम सुरू केले. डिस्क लाकडी पाटावर ठेवली, शेजारी टेबलफॅन लावला. रात्री दोनच्या सुमारास बाहेर विजांचा कडकडाट झाला आणि साऱ्या इमारतीचा वीजपुरवठा गेला. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला; तासाभराने बॅटरी उतरू लागली, तेव्हा मुलीने काम रीतसर थांबवले. सकाळी वीज आल्यावर तेथूनच पुढे सुरू केले. पहिल्या फेरीत डिस्कचा फार मोठा भाग उतरला. शेवटच्या थोड्या भागासाठी नऊ दिवस लागले. दिवसातून दोन-तीन तास वाचन, मग डिस्कला विश्रांती. मी कामावरून आलो, की हातपाय धुण्याआधी पडद्यावरील आकडा पाहत असे. घरात आजारी माणूस असावा, तसे ते दिवस गेले. दहाव्या दिवशी त्या डिस्कने फिरणे बंद केले ते कायमचे.

डिस्कची ती नक्कल हाती आल्यावर आम्ही आधी तिची आणखी एक नक्कल केली, आणि मगच दुसऱ्या नकलेतून फायली बाहेर काढल्या. एक हजार दोनशे चौदा छायाचित्रांपैकी एकतीस छायाचित्रे अर्धी आली. वरचा भाग स्वच्छ, खाली राखाडी पट्टा. विहीर खणणाऱ्या मुलांच्या छायाचित्रात आकाश आले, विहिरीचा काठ आला आणि मुले गेली. बाकी सर्व सुखरूप.

मावशींचे ध्वनिमुद्रण मी सर्वांत शेवटी उघडले. धीर होत नव्हता. आवाज आला. पाठीमागे तव्याचा खणखणाट, मध्येच कोंबडा, आणि मावशींचे ते दम घेत बोलणे. घरातले सगळे येऊन बसले. एकविसाव्या मिनिटाला मावशी एका मुलाविषयी सांगू लागल्या: "रोज एक भाकर चड्डीच्या खिशात घालून न्यायचा. मला दिसायचं. कुपाटीच्या पल्याड त्याची धाकली बहीण उभी असायची, आई खदानीवर कामाला. म्या काय बी बोलले न्हाई. दुसऱ्या दिवसापून त्याच्या ताटात दोन जास्तीच्या टाकाया लागले. त्याचं नाव..." आणि तेथे आवाज तुटतो. सुमारे चाळीस सेकंद काहीच नाही. पुन्हा आवाज येतो तो मावशींच्या हसण्याचा, आणि मग त्या म्हणतात, "...आता लई मोठा झालाय म्हनं. पर त्याला काय ठावं, की मला ठावं हाय."

ते नाव मी २०११ साली समोर बसून ऐकले होते. आज मला ते आठवत नाही. यंत्रात आहे, या भरवशावर मी ते लक्षात ठेवलेच नाही.

या प्रसंगानंतर मी या विषयावर थोडे वाचले आणि आपण एकटे मूर्ख नाही, एवढे समाधान मिळवले. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार या कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फायली भराभर पुसल्या गेल्या. कंपनीकडे बॅकअप होता. तो उघडून पाहिल्यावर तो नीट घेतलाच जात नव्हता, असे आढळले. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईंच्या घरातील संगणकावर चित्रपटाची प्रत होती, म्हणून तो वाचला. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एक निष्कर्ष असा, की बिघडलेल्या डिस्कपैकी मोठ्या संख्येने डिस्कनी 'स्मार्ट'मधून आधी काही इशाराच दिला नव्हता. तेव्हा डिस्क आवाज करेल, मग पाहू, असे म्हणण्यात अर्थ नाही. माझ्या डिस्कने निदान टकटक तरी केली.

आपल्या समाजाला तर हे दुःख फार जवळचे आहे. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड १९७९ पासून प्रकाशित केले. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. १९८७ मध्ये निघालेल्या तिसऱ्या खंडात बाबासाहेबांचे तोवरचे अप्रकाशित लेखन आहे. तो चाळताना प्रकरण मध्येच तुटते, आणि पुढची पाने सापडली नाहीत, अशा अर्थाची संपादकीय टीप समोर येते. मी तो खंड पूर्वीही पाहिला होता. त्या टिपा ओलांडून पुढे जात असे. आता तसे जमत नाही. एका टंकलिखिताची दुसरी प्रत दुसऱ्या घरात असती, तर काय झाले असते, हा विचार येतोच. मूकनायक, जनता यांचे जुने अंकही जेथे जेथे मिळाले, ते कोणीतरी आपल्या घरी जपले म्हणून मिळाले.

आणि मी राहतो-वावरतो त्या आनंदनगरचे नाव उच्चारताना आणखी एक गोष्ट आठवते. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत स्थविर आनंदांनी ऐकलेली वचने सांगितली, असे परंपरा मानते. त्यांची स्मरणशक्ती अद्वितीय होती. तरीही संघाने ती वचने एकट्या आनंदांवर सोपवून ठेवली नाहीत; सर्वांनी मिळून म्हटली, पुढे गटागटांनी पाठ केली, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ती ग्रंथरूपाने लिहून ठेवली. एक म्हणताना चुकला, तर दुसरा सावरेल, एक प्रदेश उजाड झाला, तर दुसऱ्यात राहील. भारतात ग्रंथ उरले नाहीत, तेव्हा ते सिंहलात, ब्रह्मदेशात आणि सयामात होते.

छायाचित्रकारांमध्ये या शहाणपणाचा एक सोपा नियम रूढ आहे: तीन, दोन, एक. प्रती तीन असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी. यात चौथी अट मी माझ्या अनुभवाने घातली आहे: प्रत अधूनमधून उघडून पाहावी. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. शाळेच्या साहित्याची आता अशी व्यवस्था केली आहे. एक डिस्क शाळेच्या कार्यालयात, वरच्या मजल्यावरील कपाटात. एक माझ्याकडे बदलापुरात, तिसऱ्या मजल्यावर. नदीने २०१९ च्या जुलैतही आम्हाला आपली आठवण करून दिली, त्या वेळी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली होती. तिसरी प्रत मराठवाड्यातील एका माजी विद्यार्थिनीकडे, आणि याशिवाय एक इंटरनेटवरील साठवणीत. दर वर्षी चौदा एप्रिलच्या आदल्या रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत, असे दोनदा, प्रत्येकाने आपापली प्रत उघडून पंचवीस फायली पाहायच्या आणि एकमेकांना कळवायचे, असे ठरले आहे. कामाला अर्धा तास लागतो.

आता मागणे. पहिले असे, की आपल्या घरी शाळेचे एखादे जुने छायाचित्र, निकालपत्र, स्नेहसंमेलनाची पत्रिका, मावशींच्या हातचा डबा घेऊन सहलीला निघालेल्या मुलांचा फोटो, असे काहीही असेल, तर त्याची प्रत शाळेकडे द्यावी. मूळ आपल्याकडेच ठेवावे. दोन्ही ठिकाणी राहू द्यावे. विशेषतः विहिरीचे ते छायाचित्र त्या काळी दोघा-तिघांनी प्रती काढून घरी नेले होते, असे मला अंधुक स्मरते.

दुसरे मागणे त्या मुलासाठी आहे. तो माझ्या आधीचा की नंतरचा, तेही मला सांगता येत नाही. तो आता पन्नाशीच्या आसपास असेल, कदाचित साठीचाही. बहीणही असेल. त्याच्या ताटात दोन भाकऱ्या जास्तीच्या का येत होत्या, हे त्याला बहुधा आजवर ठाऊक नाही. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली, तर त्याने शाळेच्या कार्यालयात एवढेच कळवावे, की तो मी. चाळीस सेकंदांच्या त्या रिकाम्या जागेपुढे आम्ही त्याचे नाव लिहून ठेवू, तिन्ही प्रतींवर.